पेटवेचं मोजमाप

१२ ऑगस्ट, सोमवार

आजपासून मी अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा माणूस. तळमजल्यावरची खोली, खिडकी नाही, पण फिल्म बघायचा पडदा चांगला. ऐन उमेदीची वर्षं मी इथल्याच रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात दांडे आणि चाकं तपासण्यात घालवली. कॉलेजची पायरी न चढता, कुणाला गुरू न करता, फुटबॉलची फिल्म, म्हणजे सामन्याचं चित्रण, वाचायला स्वतःचा स्वतः शिकलो. एरी शहरात असा दुसरा माणूस नाही. हे मी नाही म्हणत, स्टॅम्बॉ साहेबच म्हणाले, आणि खेळाडू घ्यायचे की काढायचे ते संघात तेच ठरवतात.

ते म्हणाले, "कुंकल, त्या पोरावर इथे कुणाचा जीव आहे, कुणाचा राग आहे. मला दोन्ही नकोत. मला माप पाहिजे."

पोरगा म्हणजे जॅरेल पेटवे. अलाबामाचा, बावीस वर्षांचा, आमचा नवा क्वार्टरबॅक. दर डावात चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि कुणाकडे फेकायचा ते तोच ठरवतो. तो कच्चा निघाला तर बाकी दहाजण म्हणजे सेनापतीविना फौज. हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी मी एकच शब्द द्यायचा आहे, ठेवा किंवा सोडा. 'सोडा' म्हटलं तर एप्रिलच्या निवडीत संघ कॉलेजमधला दुसरा क्वार्टरबॅक उचलणार आणि याची रवानगी कुठेतरी. पहिल्याच वर्षी टाकून दिलेल्या क्वार्टरबॅकला दुसरीकडे कुणी पाट मांडून बसवत नाही.

माझी नेमणूकही वर्षापुरतीच आहे. त्याची मला चिंता नाही.

८ सप्टेंबर, रविवार

पहिला सामना, पहिली हार. हात उत्तम आहे. सरोवरावरून आडवा वारा येत होता तरी चेंडू दोरीत ओवल्यासारखा जात होता. पण चेंडू सोडायला उशीर करतो. मनात तीन म्हणेपर्यंत चेंडू सुटायला हवा, हा चारावर जातो.

तिसऱ्या सत्रात त्याने डावीकडे फेकला आणि आमचा रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, वळला उजवीकडे. चेंडू थेट प्रतिपक्षाच्या छातीवर. हा रिसीव्हर रॉस टिब्ज. चौतीस वर्षांचा, या शहराचा लाडका, त्याच्या नावाचं सँडविच मिळतं इथे. चुकलं कोण, हे फिल्मवरून कळत नाही, कारण डाव काय ठरला होता ते मला कुणी सांगत नाही. पण सामन्यानंतर पेटवे माइकपुढे स्वतःच म्हणाला, "चूक माझी. मिस्टर टिब्ज बरोबर होते."

झालं. त्याच्या खात्यावर टाकली. कारखान्यातला माझा नियम आहे. दांडा वाकडा निघाला आणि कारागीर आपणहून म्हणाला 'माझ्या हातून झालं', तर पुढे चौकशी नाही. नसलेली चूक कोण कशाला अंगावर घेईल?

१० सप्टेंबर, मंगळवार

क्वार्टरबॅकना शिकवतो तो फरारा. त्याने मला पहिल्याच आठवड्यात 'फूटपट्टी' नाव ठेवलं आहे. आज माझा तक्ता पाहून हसत सुटला.

"अरे फूटपट्टी, हे काय? 'स्वतः कबूल केले'?"

"केलं नाही का? मी ऐकलंय."

"बाबा रे, क्वार्टरबॅक माइकपुढे जे बोलतो ते जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं असतं. आमेन म्हणायचं आणि काटा उचलायचा. शब्दन् शब्द कोण धरून बसतं?"

"मग डाव काय ठरला होता ते तू सांग."

"डाव मी पाठवतो. मैदानात तो बदलायची त्याला मुभा आहे. काय बदललं ते त्यालाच विचार." आणि खांदे उडवून गेला.

मी विचारलं. पेटवे कॅप काढून उभा राहिला, या वयाची इथली पोरं असं करत नाहीत. म्हणाला, "माझीच चूक होती, सर." दोनदा विचारलं, दोनदा तेच. फरारा स्वतः खेळलेला आहे, म्हणून प्रत्येक गोष्ट त्याला थट्टेवारी वाटते. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांतला मी नाही. मी शीतन् शीत तपासतो.

६ ऑक्टोबर, रविवार

बाहेरगावचा सामना, म्हणून घरी टीव्हीवर पाहिला. माझी बायको लोरेटा शेजारी मोजे विणत बसली होती. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही. मध्येच म्हणाली, "वेंडेल, तो तुझा पोरगा दर वेळी त्या थोराड माणसापाशी का जातो?"

"कोणत्या?"

"तुझ्या सँडविचवाल्या. घोळका मोडला की हा जातो, त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, कानात काहीतरी सांगतो. सारखं."

पाहिलं तर खरंच. आमच्या फिल्ममध्ये हा भाग नसतो. खेळाडू रांगेत उभे राहिले की फिल्म सुरू होते, मधलं सगळं कापलेलं असतं. नवीन दोष सापडला म्हणायचा. डाव घोळक्यात सांगून झाल्यावर पुन्हा कुजबुज कशाला? आत्मविश्वास नाही, थोरल्या खेळाडूच्या आधाराशिवाय पाय पुढे पडत नाही. तसं नोंदवलं.

लोरेटा म्हणाली, "आईला चर्चला नेताना मी अशीच तिच्या कोपराला धरायचे. आता पायरी आहे, आता उजवीकडे वळायचंय."

तिची आई शेवटी फार विसरायची. लोरेटाला काहीही पाहिलं की आई आठवते.

२३ ऑक्टोबर, बुधवार

खाणावळीत टिब्ज माझ्यासमोर येऊन बसला. एवढा मोठा खेळाडू, पण मुळीच ऐट नाही. मी काय करतो विचारलं, मी सविस्तर सांगितलं. कारखाना, मापं, फिल्म, सगळं. त्याने लक्ष देऊन ऐकलं. सूप संपल्यावर पुन्हा विचारलं, "मग तुम्ही इथे काय करता?" मी पुन्हा सांगितलं, जरा थोडक्यात. खरा जिज्ञासू माणूस. या इमारतीत माझ्या कामाची एवढी आस्था दुसऱ्या कुणाला नाही.

पेटवे शेजारच्या टेबलावरून आमच्याकडेच पाहत होता. घास हातात तसाच. मी पाहिल्यावर मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

११ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांनी मधला अंदाज मागितला. मी आडपडदा ठेवला नाही. हात पहिल्या प्रतीचा, पाय हलके, धाडस आहे. पण निर्णय उशिरा. टिब्जकडे जाणाऱ्या चेंडूंत तर फारच उशिरा, आणि प्रतिपक्षाच्या हाती गेलेले बहुतेक चेंडू त्याच दिशेचे. डावाची समज अपुरी, हे तो स्वतःच कबूल करतो. आजचा शब्द विचाराल तर 'सोडा'.

साहेबांनी टेबलावर हळूच थाप मारली. "हे स्पष्ट सांगायला कुणीतरी हवं होतं." एप्रिलसाठी दोन कॉलेजची पोरं पाहायला माणसं पाठवली म्हणे. माझ्या शब्दावर.

फरारा जिन्यात भेटला. हसला नाही. "वेंडेल, पोराची मान कापलीस."

"मी माप दिलं."

"मापात पाप नसतं म्हणतात. मापणाऱ्यात असतं का ते बघ एकदा."

मनाला लावून घेतलं नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

झोप नीट नाही. परवाच्या सामन्यात टिब्ज नव्हता, घोटा मुरगळला होता. त्याच्या जागी कुणीतरी नवखा. आणि पेटवेचा चेंडू तीनच्या आत सुटत होता. एकदा नाही, सामनाभर. डावीकडे, उजवीकडे, अंगावर माणसं धावून येत असतानाही.

आधी वाटलं, प्रतिपक्ष ढिला. म्हणून मागचे सगळे सामने काढून दोन ढीग केले. टिब्ज मैदानात असतानाचे डाव एकीकडे, तो दम खायला बाहेर बसलेला असतानाचे दुसरीकडे. दुसऱ्या ढिगातला पेटवे निराळाच माणूस आहे. तिथे उशीर नाही.

म्हणजे उशीर त्याचा नाही. तो टिब्जची वाट बघतो. का? टिब्जचे पाय थकले असतील, वय झालं. पण पायाने थकलेला माणूस उशिरा पोचतो, उलट्या दिशेला वळत नाही.

फिल्म पुन्हा लावली. वळतो.

माझा नोव्हेंबरचा शब्द साहेबांच्या टेबलावर पडून आहे. साध्या गजात अशी तफावत निघाली असती तर मी अख्खा माल परत पाठवला असता.

२२ डिसेंबर, रविवार

वाईट सामना. टिब्ज परतला. अखेरच्या मिनिटांत तो चक्क चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. पेटवेने पाहिलं, खेळ थांबवायची आमची शेवटची सवलत त्यावर खर्ची घातली, चालत त्याच्यापाशी गेला, दंडाला धरून पलीकडे आणून उभं केलं. मैदानभर हुर्यो. पुढे सवलत हवी होती तेव्हा उरली नव्हती. हरलो.

माइकपुढे एकाने विचारलं, "सवलत फुकट का घालवलीस?"

"मी डाव विसरलो," पेटवे म्हणाला. "मिस्टर टिब्जना विचारायला गेलो होतो."

साहेबांचा निरोप आला. 'विसरतो! तुझंच खरं.' पहिल्यांदाच स्वतःचं खरं ठरल्याचा आनंद झाला नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

लोरेटाच्या माहेरच्या पोलिश रिवाजाने आज मांस वर्ज्य असलेलं उपासाचं जेवण, मासा आणि पिएरोगी. ती पिएरोगीच्या पारीत सारण भरून कडा मुडपत होती, मी शेजारी बसून कडा सारख्या येतात का बघत होतो. माझ्या तोंडून सगळं निघालं. दोन ढीग, चुकीची बाजू, खाणावळीतला टिब्जचा प्रश्न.

ती हात न थांबवता म्हणाली, "दोनदा विचारलं? एकाच जेवणात?"

"हो."

"आणि तुला वाटलं त्याला आस्था आहे."

मी एक कड बोटाने सरळ केली.

"वेंडेल, तो माणूस विसरतो. पोरगा त्याला सांभाळतो. ऑक्टोबरात मी सांगितलं होतं तुला."

"तू कोपराचं सांगितलंस. विसरण्याचं नाही."

"तुला सगळं लेबल लावूनच हवं असतं." आणि तिने सहा पिएरोगी माझ्यासमोर सारल्या. "आता या मुडप. वाकड्या झाल्या तरी चालतील."

या खेळात डोक्यावर इतका मार खाल्लेला माणूस, आणि अजून मैदानात. हे आधी सुचायला हवं होतं. मला.

२७ डिसेंबर, शुक्रवार

सरावानंतर गाड्यांच्या आवारात पेटवेला गाठलं. बर्फ पडत होता. टिब्जच्या गाडीची काच तो स्वतःच्या बाहीने पुसत होता.

मी सरळ विचारलं, "त्याला कधीपासून आठवत नाही?"

"चूक माझी, सर..."

"ते वाक्य पुन्हा नको. माझ्याकडे दोन ढीग आहेत."

त्याने काच पूर्ण पुसली. मग म्हणाला, "हंगामाआधीच्या सराव कॅम्पपासून. मी नवा होतो, कुणी बोलत नव्हतं माझ्याशी. त्यांनी जवळ बसवून डाव शिकवले. तेव्हा त्यांना सगळे यायचे. मग एकेक जायला लागला."

"डॉक्टरांना सांगितलं?"

"सांगितलं तर त्याच दिवशी संपलं ना. त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं. शेवटचा सामना घरच्या मैदानावर खेळायचा, आणि मग आपणहून जायचं. परवाचा एक आणि पाच तारखेचा एक. दोनच राहिलेत, सर."

"तुला ठाऊक आहे का, मी तुझ्याबद्दल काय लिहिलंय?"

"सगळ्यांना ठाऊक आहे."

"मी बोललो नाही तर तू जाशील."

"जाईन."

"आणि पुढचा धक्का त्याच्या डोक्याला बसला तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या वयाच्या मुलाचे डोळे नव्हते ते. "मी त्यांच्याकडे कमी फेकतो," म्हणाला. "अंगावर माणूस येत असेल तर फेकतच नाही. तुम्ही पाहिलं असेल."

पाहिलं होतं. 'मोकळा रिसीव्हर दिसत नाही' म्हणून खात्यावर टाकलं होतं.

"तुम्ही सांगणार नाही ना?" तो म्हणाला.

मी माझ्या गाडीकडे वळलो. आत बसलो.

२९ डिसेंबर, रविवार

बाहेरगावचा सामना. पाहताना खेळ पाहिलाच नाही, फक्त टिब्जचं शिरस्त्राण पाहत होतो. दुसऱ्या सत्रात एक साधा धक्का बसला. लगेच उठला, आणि प्रतिपक्षाच्या घोळक्याकडे चालू लागला. पेटवे धावत गेला, हसत हसत गळ्यात हात टाकून परत आणला. समालोचक म्हणाले, काय खेळीमेळी आहे पाहा या संघात.

लोरेटाने टीव्ही बंद केला. उद्या अकरा वाजता बैठक.

३० डिसेंबर, सोमवार

स्टॅम्बॉ साहेब, फरारा आणि मी. साहेब म्हणाले, "एका शब्दात संपवू. सोडा, बरोबर?"

"नाही. ठेवा."

"नोव्हेंबरात 'सोडा' होतं."

"ते माप चुकीचं होतं."

"चूक कुणाची?"

"माझी."

फरारा पाहतच राहिला. मी दोन्ही ढीग पडद्यावर दाखवले. मग टीव्हीवरचं चित्रण, खांद्यावरचा हात, कालचा तो चुकीचा घोळका. एकदा सुरू झाल्यावर थांबता आलं नाही. टिब्जला वाचवायला बोललो असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्या सहीने चुकीचा आकडा राहणार होता, ते सहन होत नव्हतं. दुसरं कारण बोलता बोलता मागून आलं.

साहेबांनी चष्मा काढला. "कुंकल, हे तू मला सांगितल्यावर आता मला माहीत नाही असं म्हणता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

बाहेर आल्यावर फरारा म्हणाला, "मला संशय होता."

"मग बोलला का नाहीस?"

"मी दहा वर्षं त्याच्याबरोबर जेवलोय, वेंडेल." एवढंच. थट्टा नाही.

संध्याकाळी बातमी आली. टिब्ज यापुढे खेळणार नाही, डॉक्टरांनी गाडी चालवायलाही मनाई केली आहे. पेटवे जिन्यात माझ्या बाजूने गेला. कॅप काढली नाही.

५ जानेवारी, रविवार

शेवटचा सामना. टिब्ज लांब कोट घालून कडेला उभा होता. लोकांनी त्याच्या नावाचा गजर केला तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं, कुणासाठी चाललंय म्हणून.

पेटवेबद्दल लिहायचं ते लिहितो, कामच आहे. चेंडू वेळेवर सोडतो. घाई झाली की उजवीकडे सरकतो, ही खोड खरी आहे आणि मोडावी लागेल. पुढे आहोत तेव्हा नको इतका सावध होतो. लांबच्या फेकीत मागचा पाय उचलतो, चेंडू वर तरंगतो. आज दोन चेंडू प्रतिपक्षाला दिले, दोन्ही सर्वस्वी त्याचेच, फिल्मवर स्वच्छ दिसतं. हरलो, थोडक्यात. तरी संघ त्याच्या हाती दहा वर्षं निर्धास्त देता येईल. शरीराने टिकला तर. त्या 'तर'चं माप माझ्याकडे नाही, आणि कुणाकडे असेल असं वाटत नाही.

७ जानेवारी, मंगळवार

आज कपाटं रिकामी करायचा दिवस. साहेबांनी सकाळी पेटवेला सांगितलं, तू राहतोयस. माझीही नेमणूक वाढली. मी खाली गेलो. दोन शब्द बोलावेत, त्याचे काही ऐकावेत असं वाटत होतं.

तो टिब्जची खोकी गाडीत चढवत होता. टिब्जचं घर जॉर्जियात आहे, बहिणीजवळ. गाडी पेटवे चालवणार, तिथून पुढे आपल्या गावी जाणार.

"निकाल कळला ना?" मी विचारलं.

"कळला." आणि एक खोकं माझ्या हातात दिलं. "हे जड आहे. खालून धरा."

आम्ही मिळून सगळी खोकी चढवली. शेवटी तो म्हणाला, "मी तुमच्यावर रागावलेलो आहे, सर. तुमचं बरोबर होतं तरी." मी म्हणालो, ठीक आहे. दुसरं काय म्हणणार?

टिब्ज पुढच्या सीटवर बसला होता. काच खाली करून त्याने हात पुढे केला. "रॉस टिब्ज. आपली भेट झालेली नाही. तुम्ही इथे काय करता?"

पेटवे गाडीच्या पलीकडे थबकला.

मी सांगितलं. कारखाना, मापं, फिल्म.

"मग या पोराचं सांगा," टिब्ज म्हणाला. "कसा आहे? मी शिकवलाय त्याला."

उजवीकडे सरकतो, मागचा पाय उचलतो, सगळं ओठांवर होतं. "चांगला आहे," मी म्हणालो. "तुम्ही चांगला शिकवलाय."

त्याने समाधानाने मान हलवली. पेटवे आत बसला, गाडी सुरू केली, काचेवरचा बर्फ निघेपर्यंत थांबला. टिब्जने पुन्हा माझ्याकडे पाहिलं, तसंच मोकळं हसला आणि हात बाहेर काढला.

"रॉस टिब्ज. तुम्ही इथे काय करता?"

पेटवे माझ्याकडे बघत होता. मी टिब्जचा हात हातात घेतला आणि कारखान्यापासून सुरुवात केली, काहीही न गाळता.